बदलीबाईंचा बुधवार

आमच्या घरी दर बुधवारी दुपारी दोन वाजता एक बाई यायच्या, सहा वाजता जायच्या, आणि मधल्या चार तासांत त्यांनी नेमकं काय केलं हे कोणाला पुराव्यानिशी दाखवता आलं नसतं. भांडी त्या घासायच्या नाहीत, केर काढायच्या नाहीत, स्वयंपाकघरात तर पाऊलही टाकायच्या नाहीत. येताना स्वतःचा कप आणि चहाचा थर्मास घेऊन यायच्या. पहिल्याच दिवशी आईने मला बाजूला घेऊन विचारलं, की ही पाहुणी आहे का कामाची बाई, म्हणजे कसं बोलायचं ते ठरवता येईल. मी म्हटलं, दोन्ही नाही, ही तुझी सुट्टी आहे. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी गाढवाचं पिल्लू दारात आणून बांधलंय आणि म्हणतोय, घे, तुझ्यासाठीच आणलं.

आईला सुट्टीची गरज का होती, ते आधी सांगतो. माझे वडील, म्हणजे अण्णा, तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी ते विसरायला लागले. आधी चष्मा विसरले, मग किल्ल्या, मग मला. माझ्यावाचून त्यांचं फारसं अडलं नाही. मी वर्कशॉपमधून आलेला मेकॅनिक आहे अशी त्यांनी समजूत करून घेतली आणि मला बघितलं की काहीतरी बिघडलंय असं समजून पाना शोधायला लागले. एकदा आईने त्यांना तासभर माझ्यावर सोपवलं, तर आम्ही दोघांनी मिळून बेसिनचा नळ खोलला. तो परत बसवणं दोघांपैकी एकालाही जमलं नाही. तेव्हापासून आईने माझ्या नावाने कानाला खडा लावला आणि सगळं एकटीच्या अंगावर घेतलं. तीन वर्षं. औषधं, अंघोळ, रात्रीचं उठणं, दिवसाचं शोधणं.

मग एका सकाळी ती गॅसपाशी उभ्या उभ्या झोपली. दूध उतू गेलं, गॅस विझला, आणि वास आला तो खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला. तो गळ्यात टेप लटकवलेलाच धावत वर आला, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि आईला हलवून जागं केलं. आई म्हणाली, जरा डोळा लागला. डॉक्टरांनी हे ऐकलं आणि मला सांगितलं, की सांभाळणारं माणूस पडलं तर एकाच्या जागी दोघांना उचलावं लागेल, आणि तुमची पाठ काही तेवढी दिसत नाही. एका संस्थेचा पत्ताही त्यांनीच दिला. अशा घरी आठवड्यातून चार तास माणूस पाठवायचं, म्हणजे घरच्या माणसाला बाहेर पडून श्वास घेता येईल, एवढंच त्या संस्थेचं काम. अट मात्र पक्की होती. घरच्या माणसाने खरंच बाहेर पडायचं. आठ बुधवार बघणार. तोवर जमलं नाही, तर हे तास यादीतल्या पुढच्या घराला. यादीत एकोणीस घरं होती.

तर या बाई. वय पन्नाशीच्या आतबाहेर, चाल एखाद्या तपासनिसासारखी, आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारा. तो आवाज उगाच नव्हता. अकरा वर्षं त्या शाळांमधून बदली शिक्षिका होत्या. कोणी बाळंतपणाला गेलं, कोणाचा पाय मोडला, की यांना बोलावणं. त्या सांगायच्या, की पर्मनंट शिक्षक मला कधी भेटलेच नाहीत, त्यांच्या रिकाम्या खुर्च्या तेवढ्या भेटल्या. दुसऱ्याच्या वर्गात वागायचे नियम त्यांनी आमच्या घरातही तसेच लावले होते. मूळच्या बाईंच्या खुर्चीत बसायचं नाही, त्यांची पद्धत बदलायची नाही, आणि मुलांना आपण जास्त आवडतोय असं वाटलं तर ते मनातल्या मनात ठेवायचं.

शाळा सुटली ती सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून. सहा वर्षं त्यांनी सासूबाईंचं केलं. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या जागी उभी राहिलेली बाई, पण तिच्या जागी उभं राहायला सहा वर्षांत कोणी मिळालं नाही. एकदाच एक शेजारीण दोन तास येऊन बसली, तेव्हा या तुटलेली चप्पल शिवायला गेल्या. चांभार शिवता शिवता म्हणाला, की बाई, चप्पल तुटल्याचा एवढा आनंद झालेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघतोय. पुढे सासूबाई गेल्यावर बाईंनी हेच काम धरलं.

शाळेपासून सगळे त्यांना बदलीबाई म्हणायचे. तुम्हीही तेच म्हणा, असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. आणि इथेच आमचं घोडं पेंड खायला लागलं.

पहिल्या बुधवारी आई पहाटे पाचला उठली आणि तिने सगळं घर घासूनपुसून काढलं, कारण कोणीतरी येणार होतं. म्हणजे विश्रांतीच्या तयारीतच तिची कंबर मोडली. बदलीबाईंनी तिला चाळीस प्रश्न विचारले. शर्टाची कुठली बाही आधी घालतात, चिडले की काय केल्यावर शांत होतात, असले. मग आई अण्णांच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाली, अहो, या बदलीबाई आल्यात, मी जरा जाऊन येते. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. ते उठले, सरळ बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. आतून आवाज आला, मी घरी नाही म्हणून सांगा.

आई कुठे जाणार? सहा वाजेपर्यंत ती बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून बसून राहिली.

दुसऱ्या बुधवारी बदलीबाई आल्या असं आईने सांगितल्याबरोबर अण्णा पलंगावर आडवे झाले, पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि कण्हायला लागले. ताप म्हणाल तर थर्मामीटरला सापडेना. आई कपाळावर पट्ट्या ठेवत बसली. तिसऱ्या बुधवारी पुन्हा बाथरूम. बदलीबाईंनी दाराबाहेरून गाणी म्हटली, कोडी घातली, आतून फक्त नळाचा आवाज.

चौथ्या बुधवारी आम्ही चलाखी केली. अण्णांना काही न सांगता आई हळूच सटकली. मी खूश. पाच वाजता शिंपी वर आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, तुमच्या मातोश्री तीन तास जिन्यात बसल्यात, भिंतीला कान लावून, आणि माझी गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून जातायत.

पाचव्या बुधवारी आईने हात टेकले. तिने बदलीबाईंना सांगितलं, की हे आमच्या नशिबात नाही, ह्यांना तुमचं येणं सोसत नाही, तुम्ही हे तास पुढच्या घराला देऊन टाका, कोणाच्या तरी कामी येतील. हे ती अगदी हसून बोलली. मला मात्र गॅसचा वास आल्यासारखं वाटलं.

बदलीबाईंनी वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, ठीक आहे, मग आजच्या हजेरीच्या कागदावर घरच्यांची सही लागते. आईचे हात ओले होते आणि मी पेन शोधत होतो, तेवढ्यात कागद बघून अण्णांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. मान हलवत म्हणाले, मी काहीही स्वीकारणार नाही, मी आजारी रजेवर आहे.

बदलीबाई कागद तसाच धरून उभ्या राहिल्या. मग एकदम खुर्चीत बसल्या, तीही आईच्या, आणि पोट धरून हसायला लागल्या.

त्यांच्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. दूरच्या गावी बदलीचा हुकूम निघाला, तेव्हा तो हातात पडू नये म्हणून मास्तर पंधरा दिवस दडून होते. शिपाई आला की घरातून निरोप यायचा, मास्तर घरी नाहीत. मग आजारी. मग, सही करणार नाही. हसू आवरून त्यांनी आईला विचारलं, की ताई, ह्यांची कधी बदली निघाली होती का हो?

आईने कपाळावर हात मारून घेतला. मी चौथीत असताना अण्णांची दुसऱ्या पंपघरावर बदली निघाली होती. माझी शाळा, आजीचं दुखणं, आणि आपल्या पंपाला दुसऱ्या कोणी हात लावणार ही कल्पना, या तिन्हींपैकी काहीच त्यांना सोसणारं नव्हतं. बावीस दिवस ते आजारी रजा टाकून घरात दडून बसले, तेव्हा कुठे हुकूम रद्द झाला. त्या बावीस दिवसांत ‘बदली’ हा शब्द घरात उच्चारायची बंदी होती. आणि आम्ही बुधवारामागून बुधवार त्यांच्या कानाशी जाऊन आनंदाने ओरडत होतो, की बदली आली, बदली आली! माणूस मला विसरला होता, पण बदली टाळायची कशी हे त्याच्या बरोबर लक्षात होतं. मला जरा रागच आला, पण सांगणार कोणाला?

बदलीबाईंनी दुसरा प्रश्न विचारला. पंपघरात पाळी संपल्यावर यांना सोडवायला जो माणूस यायचा, त्याला काय म्हणायचे?

“रिलीव्हर,” आई म्हणाली. या शब्दाशी तिचं जुनं वैर होतं. रिलीव्हर आला नाही म्हणून अण्णा डबल ड्यूटी करायचे आणि ती वाढलेली ताटं झाकून ठेवायची, असं तीस वर्षं चाललं होतं.

सहाव्या बुधवारी दोन वाजून पाच मिनिटांनी दारावर थाप पडली. मी दार उघडलं. बदलीबाई उंबऱ्यावरच उभ्या राहून खणखणीत आवाजात म्हणाल्या, “रिलीव्हर आले. चार्ज द्या.”

अण्णा पलंगावरून उठले. बाथरूमकडे गेले नाहीत. घड्याळाकडे बघून त्यांनी पाच मिनिटं उशीर झाल्याचं ऐकवलं. मग खोलीभर नजर फिरवून विचारलं, की ड्यूटीवर कोण आहे. बदलीबाईंनी आईकडे बोट दाखवलं.

अण्णांनी आईला खालून वरपर्यंत बघितलं. ऑपरेटर नव्या मशीनकडे बघतो तसं.

“किती तास झाले?”

आई म्हणाली, “तीन वर्षं.”

“रिलीव्हर नव्हता?”

“नव्हता.”

अण्णांनी च्‌ च्‌ केलं. साहेबांसाठी राखून ठेवलेल्या दोन शिव्या त्यांनी साहेबांना दिल्या. मग तिला म्हणाले, “मग आता निघा. रिलीव्हर आल्यावर थांबायचं नसतं. एकदा थांबलं की हे लोक रोज थांबवतात.”

तीस वर्षं जे स्वतः थांबत आले, ते हे सांगत होते. आई पर्स उचलायला वळली. अण्णांनी तिला तसं जाऊही दिलं नाही. आधी चार्ज नीट द्यायला लावला. ती एकेक सांगत गेली, चारची गोळी, बिनसाखरेचा चहा, उन्हाच्या खिडकीचा पडदा, आणि ते प्रत्येकाला मान डोलवत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, टाकीची पातळी? ती म्हणाली, ठीक आहे. मग त्यांनी स्वतः दार उघडून धरलं. आई पर्स घेऊन बाहेर पडली. मी लगेच जिन्यात डोकावलो. जिना रिकामा होता.

त्या चार तासांत अण्णा आणि बदलीबाईंनी एका रिकाम्या वहीत दर अर्ध्या तासाला पाण्याची पातळी लिहिली. मी जवळ गेलो तर दोघांनी मला वर्कशॉपला परत पाठवलं.

सहा वाजले, आई आली नाही. सव्वासहा. शिंप्याकडे जाऊन आलो, तिथेही नाही. साडेसहाला बदलीबाई पिशवी उचलायला लागल्या, तर अण्णांनी त्यांना खाली बसवलं, की रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, एवढंही कळत नाही का. बाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. माझ्या मात्र सगळ्या प्रकारच्या वाईट बातम्या मनात वाचून झाल्या होत्या.

पावणेसातला आई आली. केस विस्कटलेले, गालावर कसल्याशा रेघांचा ठसा. मी विचारलं, कुठे होतीस?

“बसमध्ये,” ती म्हणाली. “खिडकीला डोकं टेकलं आणि झोप लागली. शेवटच्या स्टॉपवर कंडक्टरने उठवलं. मी म्हटलं, परतीचं तिकीट द्या. परत येऊन पुन्हा उठवलं, तर म्हटलं, आता पुन्हा एकदा द्या.”

अण्णांनी तिला चार्ज घ्यायला लावला आणि मगच बदलीबाईंची सुटका झाली.

आठव्या बुधवारी संस्थेतल्या बाई चौकशीला आल्या तेव्हा आई घरात नव्हतीच. त्यांना एवढा पुरावा पुरेसा होता. तास आमच्याकडेच राहिले. बदलीबाईंना मात्र नव्या हुद्द्याची थोडी खंत आहे. त्या म्हणतात, अकरा वर्षं बदली, आता रिलीव्हर, पर्मनंट काही कपाळी नाही बुवा. परवा त्यांची बस चुकली आणि त्या सात मिनिटं उशिरा आल्या. आई चपला घालून, पर्स खांद्याला लावून, दीड वाजल्यापासून दारात उभी होती. “बाई, दोन म्हणजे दोन,” असं म्हणत तिने चालता चालताच चार्ज दिला. चारची गोळी सांगितली तेव्हा ती पहिल्या पायरीवर होती, आणि पडद्याचं सांगितलं तेव्हा पार शिंप्याच्या दारापाशी पोचली होती.