टोमॅटोचा लाल रंग

आमच्या माडीवर राहणाऱ्या बाई सांगलीच्या कॉलेजात शिकवतात आणि दिव्यांसाठी लाल उजेड देणारी पावडर तयार करतात. बोलायच्या आधी "थांबा हं" म्हणायची त्यांना सवयच. मंडईत टोमॅटोसुद्धा उन्हात नेऊन बघतात. एलईडीच्या पांढऱ्या उजेडात लाल कमी असतो, म्हणून टोमॅटो आजारी दिसतो म्हणे.

मी एकदा म्हटलं, "आवं बाई, शिसं घातलं की पावडर लवकर जमते म्हणता, मग घाला की."

"थांबा हं काकू. दिवा फुटला की ते शिसं तुमच्याच परड्यातल्या मातीत जाणार."

बिनशिशाची पावडर मात्र वाफ लागली की फिकी पडायची. म्हणून बाईंनी ती लावलेला दिवा टांगला कुठं, तर माझ्या शेगडीवर, भाताच्या वाफेत. रोज सकाळी टोमॅटो आणून त्याखाली धरायच्या, सुस्कारा टाकायच्या आणि तसाच परत न्यायच्या. आधीचे दिवे असेच वाया गेले.

हा नवा दिवा मात्र अख्खा पावसाळा वाफेत टिकलाय. आज सकाळी त्याखाली टोमॅटो उन्हातल्यासारखा लालभडक दिसला. मी "थांबा हं"ची वाट बघत होते. बाईंनी सरळ माझ्या डब्यातलं मीठ घेतलं आणि उभ्या उभ्या तो टोमॅटो खाऊन टाकला.