असली सेल अन् सुरेशचं लग्न

आमच्या दुकानात भंगारापेक्षा किस्से जास्त साचतात. झाडू मारला तं भंगार तरी निघते, किस्से काई निघत नाहीत!

दुकान आदिलाबादच्या कापूस मार्केटजवळ. मी अन् माझा पार्टनर सुरेश. स्वस्तातले सोलर दिवे, टॉर्च खोलायचे, आतला फालतू सेल फेकायचा अन् जुन्या लॅपटॉपमधला असली, चार्ज होनारा सेल टाकायचा. धंदा झकास! फक्त सुरेशचं लग्न जमून नाई राह्यलं. पोरीवाले म्हनतात, "चायना माल खोलनाऱ्याले पोरगी कोन देईन?" बिचारा पार रडकुंडीले आला.

*

बेज्जूरच्या एका शेतकऱ्याची सोलर टॉर्च आली. सेल लय जड होता, म्हनून सुरेशनं तो कापला, तं आतून भुरभुर वाळू!

शेतकरी कपाळाले हात लावून म्हने, "वाळूच पाह्यजे होती, तं आमची प्राणहिता काय आटली होती?"

*

एका ऑटोवाल्या चाचांची सोलर बाहुली होती, उन्हात नाचनारी. सुरेशनं हौसेनं तिच्यात सेल बसवला. दुसऱ्याच दिवशी चाचा हात जोडून हजर!

"भैया, इसको सुलाओ! अंधेरे में भी नाच रही है, सवारी उतर के भाग रही!"

*

भाजीवाल्या काकू तं भांडालेच आल्या.

"पह्यलेचाच सेल टाक रे बाप्पा! आधी जेवनं झाले का दिवा विझे अन् पाहुने उठत. आता दिवा विझत नाई अन् पाहुने उठत नाई!"

*

अन् एक होते जवळच्या मावला गावचे किरानावाले मामा. अंगनातला सोलर दिवा घेऊन आले, संग त्यायची पोरगी. सुरेशनं सेल बदलला, पोरीनं दिवा लावून पाह्यला अन् हसली. सुरेश तिथंच गारद!

आठ दिवसांत दोघं परत. "बंद पडला." मी पाह्यलं तं सेल फुल, खालचं बटनच बंद! मी सांगनार, तेवढ्यात सुरेशनं माझा पाय दाबला.

"वायर सुटली होती, मामा."

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्याबी. पोरगी ओढनीत हसे अन् मामाच्या कपाळावर आठ्या.

मी भडकलो, "अबे, बटन बंद होतं म्हनून सांगत काऊन नाई? तुह्यं काम कच्चं दिसून राह्यलं! असा जावई कोन करीन?"

"सांगतलं तं तिले बोलनी बसतीन," सुरेश म्हने. "अन् मंग ते येनारच नाई ना!"

पुढच्या खेपेले मामा एकटेच आले. दिवा टेबलावर आपटला. सुरेशचं तोंड पांढरंफटक.

"मामा, वायर..."

"चूप! बटन मी घरीच दाबून पाह्यलं. तुह्ये मायबाप कवा येऊन राह्यले?"