जादूगार पोरं आणि कदम सरांचा लाल पेन

शाळेत दोन गोष्टी आपोआप साचतात. फळ्याखाली खडूची भुकटी आणि स्टाफरूममध्ये किस्से. भुकटी शनिवारी झाडून काढता येते, किश्शांचं काय करायचं?

झरीच्या पुढच्या एका लहान गावात आमची सातवीपर्यंतची शाळा. तिथले निम्मे किस्से एकट्या कदम सरांचे. ते आमचे हेडमास्तर. खिशाला लाल पेन आणि समोर आलेली चूक जाऊ द्यायची नाही, असा खाक्या. कुणाच्या घरची लग्नपत्रिका आली तरी ती दुरुस्त करून परत पाठवतात. वर लग्नालाही जातात!

तिसरीच्या एका पोरानं निबंधात लिहिलं होतं, 'आमचा बैल रात्री उडतो.' सरांनी खाली लाल पेनानं शेरा दिला, 'उडत नाही. खात्री करणे.'

*

मागच्या डिसेंबरात परभणीच्या टॉकीजला जादूगार पोरांच्या सिनेमाचा दुसरा भाग लागला. हिंदीत डब केलेला. पोरांनी सहलीचा हट्ट धरला. सर म्हणाले, "बालकांसाठी योग्य आहे का, ते आधी तपासू."

रविवारी आम्ही तिघं तपासणीला गेलो. सर, मी आणि पीटीचे शेख सर. शेख सर म्हणजे शाळेत साप निघाला की काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे असणारा माणूस. पडद्यावर पहिला साप निघाला आणि त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

कदम सर अंधारात भीतिदायक प्रसंगांची नोंद करत होते. सोमवारी वही उघडली तर सगळ्या ओळी एकमेकींवर चढलेल्या. स्वतःचंच अक्षर त्यांना लागेना. आता प्रसंग किती, ते कोण सांगणार?

शेख सर हळूच म्हणाले, "पाच."

"कशावरून?"

"मैं पाच बार आँखें बंद किया ना, सर!"

*

मग पालकसभा. सरांनी अर्धा तास बालमनावर होणारे परिणाम समजावले. सिनेमात काळा मांत्रिक आहे, भूत आहे, साप आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. कुणाची हरकत?

मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. "मास्तर, आमच्या घरी रोज जेवायच्या टायमाला टीव्हीवर सासू सुनेला इख घालायलीय. समदी पोरं ताट घिऊन पुढं बसतेत. तुमचं भूत त्या बाईपेक्षा वाईट हाय का?"

सरांनी थोडा विचार केला. "नाही."

"मग न्या की पोरायला!"

*

तरी प्रत्येकाचं संमतीपत्र हवंच होतं. पालकाची सही नाही, तर सिनेमा नाही. पहिली-दुसरीला तर मुळातच बंदी.

पाचवीतली रेणुका इथंच अडकली. तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेलेले. दर वर्षी ती सोबत जायची. त्या वर्षी पहिल्यांदाच आम्ही तिला शाळेच्या हंगामी वसतिगृहात ठेवून घेतलं होतं. तिच्यासारखी तिथं वीसेक पोरं. बाकीच्यांचे आजे, चुलते सही करून गेले. रेणुकाचं गावात कुणीच नव्हतं, आणि बापाचा फोन चार दिवस लागेना.

ती रोज सकाळी ऑफिसच्या दारात उभी. "सर, लागला का?"

"नाही लागला."

शेवटच्या दिवशी बापाचा निरोप आला, बोलून पाठवलेला. मागं ट्रॅक्टरची घरघर. "सर, मी रेणुकाचा बाप बोलायलोय. पोरगी भेत न्हाई, न्या तिला. तिची माय लय भेती, म्हणून तिला सांगितलंच न्हाई बगा."

लगेच मागून बाईचा आवाज, "मला समदं ऐकू यायलंय!"

कदम सरांनी तो निरोप तीनदा ऐकून सहीच्या जागेवर शब्दशः उतरवून काढला. मायचं वाक्यसुद्धा. खाली लिहिलं, 'आईने हरकत घेतलेली नाही.'

*

रेणुका राहिली असती तर सगळ्या वर्गाची पंचाईत होती. कारण पहिला भाग पाहिलेली ती एकटी. आदल्या साली उसाच्या फडावर, बापाच्या मोबाइलवर. बाकीच्यांना तो तिनंच मधल्या सुट्टीत, आठ दिवस, हातवाऱ्यांसह सांगितला होता. जादूगार पोरांच्या आईबापाला काळ्या मांत्रिकानं लोखंडी किल्ल्यात कोंडलेलं असतं. शेवटी किल्ला फुटतो, आईबाप सुटतात, होडीत बसून घरी येतात आणि सगळे मिळून पिठलं-भाकरी खातात.

पिठलं-भाकरी मला जरा खटकली. एकटीला गाठून विचारलं, तेव्हा म्हणाली, "किल्ल्यापाशी आले अन् मोबाइलची बॅटरीच उतरली, मॅडम. कुणाला सांगू नका."

मी कुणाला सांगितलं नाही.

*

टॉकीजसाठी कदम सरांनी योजना आखली होती. भीतिदायक प्रसंग आला की शेख सर शिट्टी मारतील, पोरांनी डोळे मिटायचे. दोन दिवस बजावून सांगितलं.

पण शिट्टी वाजली की काय करायचं, हे आमच्या पोरांच्या अंगात पहिलीपासून भिनलेलं आहे. अंधारात साप निघाला, शिट्टी वाजली आणि पन्नास पोरं खाडकन सावधानमध्ये उभी राहिली! मागून ओरडा सुरू झाला, "ओ, बसा की खाली!" पोरांनी ताठ मानेनं, एकही डोळा न मिटता, पूर्ण साप पाहिला.

सूचना फक्त शेख सरांनी पाळली. शिट्टी मारून त्यांनी स्वतःचे डोळे घट्ट मिटले, त्यामुळे पोरं उभी आहेत हे त्यांना कळलंच नाही. पाचही वेळा.

खरा गोंधळ मात्र त्याआधीच, सिनेमा सुरू होताच झाला होता. पहिल्याच दृश्यात आईबाप लोखंडी किल्ल्यात!

"ह्ये चुकलंय!" आमची रांग ओरडली. "रेणुके, हे तर सुटले होते की!"

रेणुकानं मानसुद्धा वळवली नाही. "परत धरले असतेल."

पण शेवटी किल्ल्याकडं गेलेली होडी रिकामीच परत आली. पोरं किनाऱ्यावर उभी, आणि पडद्यावर 'तिसऱ्या भागात पाहा'. येताना गाडीत सगळे सापाच्या नकला करत होते. रेणुका खिडकीबाहेर बघत बसली. मला तिच्याकडं बघवेना.

*

दुसऱ्या दिवशी सरांनी अहवालासाठी प्रत्येकाकडून एक ओळ लिहून घेतली, 'सर्वात भीतिदायक वाटलेला प्रसंग.' एकोणपन्नास पोरांनी साप लिहिला. रेणुकाचा कागद कोरा.

कोरा रकाना कदम सरांना चालत नाही. शाळा सुटल्यावर कागद आणि लाल पेन घेऊन ते वसतिगृहाच्या खोलीकडं निघाले. हजेरी घ्यायची होती म्हणून मीही मागोमाग.

खोलीत पहिली-दुसरीची पोरं गोल करून बसलेली. मधे रेणुका, दुसरा भाग सांगत होती. साप सांगून झाला, भूत सांगून झालं. किनाऱ्यावर पोरं वाट बघत उभी राहिली. सर दारातच थांबले.

"अन् मग लांबून होडी येताना दिसली," रेणुका म्हणाली आणि थांबली.

पहिलीतली एक पोरगी पुढं सरकली. तिचेही आईबाप ऊसतोडीलाच. "होडीत माय होती का?"

रेणुकानं वर पाहिलं. दारात कदम सर उभे. तिचं तोंड उतरलं.

"सांग की! होती का?"

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"होती," सर म्हणाले. "दोघं बी होते."