मिरानच्या वाटणीची कॉफी

शेजारच्या ग्वीओक मावशीला कॉफी सोसत नाही. एक घोट गेला की छातीत धडधड, बोटं थरथर, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. आमच्या बोंगह्वा गावात सकाळपासून कॉफीचे पेले नाचवत फिरणाऱ्यांत ती एकटी बार्लीचं पाणी पिते. वर्षातून एकदाच कॉफी घेते, धाकट्या बहिणीच्या श्राद्धाला.

ही बहीण, मिरान, राजधानीत, सोलला नोकरीला होती. सणाला यायची ती कॉफीचा पेला मिरवतच. त्या काळी अशा पोरींना ‘दोएनजांगन्यो’ म्हणून हिणवायचे: जेवायला सोयाबीनचं स्वस्त कालवण आणि हातात जेवणाहून महाग कॉफी. सगळा बाजार म्हणायचा. शेवटच्या सणाला मावशीही हसत म्हणाली. मिरान भरला पेला तसाच टाकून निघाली आणि तिची बस घाटात कोसळली.

तेव्हापासून श्राद्धाला भाताच्या वाटीशेजारी कॉफी असते. मृतापुढचं टाकायचं नाही, घरच्यांनी संपवायचं, ही आमची रीत. आणि घरात उरली मावशी एकटी.

“धडधड सुरू झाली की समजायचं, आली,” ती म्हणते. “अजून रागातच येते.”

चौकातल्या कॉफीच्या दुकानात मी कामाला, म्हणून पेला दरवर्षी मीच पोचवतो. यंदा डॉक्टरनं तिला तंबी दिली होती, हृदयाला आता झेपणार नाही.

“कॅफीन काढलेली आणतो, मावशी. चव तीच. मिरानलाही कळायचं नाही.”

“तिला? नुसत्या वासावरून दुकान ओळखायची ती.” पण आण म्हणाली.

संध्याकाळी तिनं उदबत्ती लावली, जरा थांबली, मग पेला रिकामा केला आणि छातीवर हात ठेवून बसली. मी समोर श्राद्धाचा मासा कोरून खात होतो. उदबत्ती विझली तरी तिची बोटं दगडासारखी स्थिर.

“आली नाही,” ती म्हणाली.

“बरंच झालं की. झोप लागेल.”

“तायसिक, दुकान उघडं असेल ना? जा, खरी आण.”

“अहो, डॉक्टर काय म्हणाले?”

“डॉक्टरची बहीण मेलीय का?”

मी चपला घातल्या. मी अर्धाच पेला आणला. मावशीनं तो भाताशेजारी ठेवला, थांबली, प्यायली. मग माशाचं ताट आवरायला घेतलं, आणि थोड्या वेळानं तिच्या हातातल्या जेवणाच्या काड्या ताटलीवर टकटक वाजू लागल्या.

“ये, बैस,” मावशी म्हणाली.

मी बसलेलोच होतो.