कदम बाईंना नेलं नाही

कदम बाई गेल्या त्या संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला, "तिकडच्या पोरींना कुणी कळवलं नाही ना?"

कशाने गेल्या, घरी कोण आहे, काही नाही. पोरींना कळवलं नाही ना, एवढंच.

मंडळाचं नाव घेत नाही. घ्यायची किळस येते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कदम बाई म्हणजे उंब्रजला आमच्या शाळेत खेळाच्या बाई. अर्ध्या तालुक्याच्या पोरींना त्यांनी खो-खो शिकवला. मलाही. पाठीत धपाटे घालून.

गेल्या वर्षी मंडळाने परदेशात सेवा करायची ठरवली. नैरोबीजवळच्या एका गरीब वस्तीतल्या मुलींना 'घडवायचं'. बाई कोच, आणि मी त्यांची ट्रान्सलेटर. सांगलीच्या बँकेतून रजा काढून गेले.

तिथे पोचलो तर पहिला कार्यक्रम काय? सत्कार.

मुलींचा नाही हो. आपलाच.

शाली आपल्या, फेटे आपले, साताऱ्याहून बॅगा भरून नेलेले. ते त्या पोरींच्या हातात द्यायचे आणि त्यांच्याकडून स्वतःच्या अंगावर घालून घ्यायचे. वर फोटो. एखाद्या पोरीच्या हातून शाल सरकली की "अगेन, अगेन!"

मी लग्नात, बारशात, पतसंस्थेच्या मीटिंगमध्ये सत्कार पाहिलेत. पण भुकेल्या पोरींना उन्हात उभं करून त्यांच्याकडून सत्कार करून घेणारी माणसं तिथेच पाहिली.

अध्यक्षसाहेबांचं भाषण काही संपेना. तेव्हा बाईंनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि अशी फुंकली की माइकवाला दचकला.

"आवं साहेब, पोरी करपाय लागल्यात उनात. आटपा की आता!"

साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हे ट्रान्सलेट नाही ना केलंस?"

केलं होतं. पोरी खळखळून हसल्या. बाईंचं नाव दुसऱ्या ट्रिपमधून तिथेच कापलं गेलं, आम्हाला कळलं उशिरा.

मग खेळ सुरू झाला. बाईंनी पोरींना ओळीत बसवलं, एक तोंड इकडे, एक तिकडे. खो-खोत बसलेल्या खेळाडूला खो मागून मिळतो. मागे वळून बघायचं नसतं.

त्या पोरींना तेच जमेना. पाठीमागे पाऊल वाजलं की सगळ्या वळायच्या. मर्सी नावाची एक उंच पोरगी तर पाठ करून बसायलाच तयार नव्हती. म्हणाली, आमच्या वस्तीत मागून येणारं माणूस चांगलं नसतं.

मी ते बाईंना सांगितलं. बाई तिच्या मागे जाऊन उकिडव्या बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"बघू नगंस. पाठीमागं मी हाय."

असं रोज. साहेबांची टीम जंगलात सिंह बघायला गेली, बाई मैदान सोडून हलल्या नाहीत. शेवटच्या दिवशी मर्सी पाठ करून बसली, आणि खो मिळाल्यावर जी सुटली ती पुढच्या पोरीला बाद करूनच थांबली.

बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून तिला दिली. "फुडल्या साली येते. तवर सराव मोडायचा न्हाई."

यंदाची यादी आली. बाईंच्या जागी साहेबांची सून, 'लीडरशिप कोच' म्हणून. खो-खोत किती जणी बसतात हे तिने मला फोन करून विचारलं होतं! माझंही नाव यादीत होतं. मी नाही म्हणून कळवलं.

बाईंना भेटायला गेले. मला वाटलं शिव्या घालतील.

"जाऊंदे गं. पण त्या पोरींस्नी एवढं सांग, मी सबूद मोडला न्हाई. मला न्हेलं न्हाई."

सांगते म्हणाले. त्याच आठवड्यात बाई शाळेच्या मैदानावरच कोसळल्या.

आता हायवेला फ्लेक्स लागलाय. साहेब केवढे तरी मोठे, हात जोडलेले. बाई कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढ्या. 'आमच्या परिवाराचा आधारवड'. थू.

आणि ग्रुपवर तो मेसेज. कारण? स्वागताचा व्हिडिओ खराब होईल. पोरी रडक्या दिसतील. शब्दशः असं लिहिलंय, स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

मी मर्सीला व्हॉइस मेसेज पाठवला. बाईंनी शब्द मोडला नाही, मंडळाने त्यांना नेलं नाही, हे सांगितलं. आणि आता त्या नाहीत, हेही. तिने ऐकला.

आज बाईंचं तेरावं. दुपारी बाईंच्या घरून जेवून निघाले तर मंडळाचं नैरोबीहून लाइव्ह सुरू होतं. साहेब फेट्यात, सूनबाई पैठणीत, टेबलावर शालींची चळत.

पोरी आल्या. शालींकडे गेल्याच नाहीत. मैदानात ओळीने बसल्या, एक तोंड इकडे, एक तिकडे.

साहेबांनी "नमस्कार" म्हणून माइक धरला आणि शिट्टी वाजली.

बाईंची शिट्टी. मी झोपेतही ओळखेन.

साहेब पुन्हा बोलायला लागले, पुन्हा शिट्टी. "अरे काय चाललंय? बंद करा, लाइव्ह बंद करा!" एवढं ऐकू आलं आणि स्क्रीन काळी झाली. तो व्हिडिओ आता त्यांनी उडवलाय. उडवा. आम्ही बघितला.

मघाशी मर्सीचा मेसेज आला.

"त्या माणसांनी मागून खूप हाका मारल्या. आमच्यातली एकही वळली नाही. बाईंना सांग."

बाई, पोरींना सांगितलं. त्यांनी तुम्हाला हे सांगायला सांगितलंय.

जा आता निवांत.