होमरूलचं माहेर

आमच्या सासूबाई साठी उलटल्यावर आयर्लंडला गेल्या. शिकायला.

हो, शिकायलाच! साइटसीइंगला नाही.

आज आईंचं वर्षश्राद्ध. आणि मला अजिबात रडकी पोस्ट लिहायची नाहीये.

२०११च्या मोठ्या भूकंपाच्या वर्षी आम्हाला सगळे नातेवाईक फोन करत होते, "जपान सोडा, परत या." आईंनी त्याच वर्षी डोंबिवलीचं घर बंद केलं आणि कोबेला आमच्याकडे राहायला आल्या. अशी बाई.

शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. घरात बसवेना. ओसाकाच्या एका युनिव्हर्सिटीत बाहेरच्यांनाही वर्गात बसू देतात, तिथे नाव घातलं. पाठीला सॅक लावून रोज ट्रेनने जायच्या.

मग तिथे नोटीस लागली. डब्लिनला समर प्रोग्रॅम. आयरिश इतिहास, साहित्य आणि सिनेमा.

निखिल, माझा नवरा, म्हणाला, "आई, गुडघे बघ तुझे. आणि सगळी विशीतली पोरं. तिथे तुला कोण विचारणार?"

हे मात्र त्यांना लागलं.

"अरे, जन्मभर पोरांना टिळकांचं होमरूल शिकवलं मी. तो शब्द तिकडनं आला. होमरूलचं माहेर बघायचंय मला. तू नाही म्हणालास तरी जाणार."

निघण्याआधी युनिव्हर्सिटीत पालकांची मीटिंग. इथे कॉलेजच्या पोरांच्याही आया येतात. विद्यार्थ्याने पालक आणायचा म्हटल्यावर आईंनी आणला! निखिलला हाफ डे टाकायला लावून सगळ्या आयांच्या रांगेत बसवलं.

"आई, मी तुझा पालक?"

"मग? तुझ्या मीटिंगांना मी नाही का आले? गप बस आणि नीट ऐक."

तिकडचा शेवटचा तास आम्ही व्हिडिओवर पाहिला. वर्गातल्या युकाने फोन बाकावर टेकवून शूट केलेला.

सिनेमा संपला. सरांनी विचारलं, कोण बोलणार? जपानी पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

हात वर झाला तो आमच्या आईंचा.

"सर, युअर होमरूल केम टू अवर हाउस ऑल्सो."

आणि मग जी गाडी सुटली! इंग्लिश पक्कं डोंबिवलीचं, पण एकदाही अडखळल्या नाहीत. सर चक्क बाकावर जाऊन बसले. शेवटी आईंनी युकाला हाताला धरून उभं केलं. "नाउ यू." मग काय, अख्खा वर्ग बोलायला लागला.

निखिलने तो व्हिडिओ ऑफिसात त्याच्या साहेबांपासून, तानाका-सानपासून, सगळ्यांना दाखवला. छाती फुगवून.

गेल्या वर्षी आई गेल्या. कोबेच्या स्मशानात काळ्या सुटातली मंडळी आली. तीच पोरं, आता नोकऱ्यांना लागलेली.

दारातल्या माणसाने युकाला अदबीने विचारलं, "आपण त्यांच्या कोण?"

मला वाटलं, म्हणेल ओळखीची. फार तर म्हणेल, आजीसारख्या होत्या.

ती ताठ उभी राहून म्हणाली, "वर्गमैत्रीण."

मागच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

निखिल तिथे ढसाढसा रडला. मला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

आई, जिंकलात हो तुम्ही.

मनापासून नमस्कार.