उष्ण पडणारी गोळी

आमच्या समोरच्या रतनवहिनी चैत्र लागला की गच्चीवर कुरडया घालतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तरी तो नेम मोडला नाही.

यंदा मात्र सांडलेल्या चिकावरून पाय सरकला. पडल्या अशाही नाहीत, नुसता हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं.

"हाडं ठिसूळ झालीत," प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले. घरी येताच लेक पायल तापली. "ती कॅन्सरची रोजची गोळीच हाडं खातेय, मी वाचलंय. आई, आजपासून बंद!"

"आजपासून कशाला? मी होळीलाच बंद केली," वहिनी म्हणाल्या. "उष्ण पडते गं. अंगातून नुसत्या वाफा. उन्हाळाभर सब्जा पिते, पावसाळ्यात करेन सुरू."

पायलचा चेहरा उतरला. आत्ता गोळी बंद करायला निघालेली पोर, "अगं, गाठ परत आली तर?" म्हणून रडायलाच लागली.

ठाण्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंकडे मीही सोबत गेले. त्या ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

"पाळी गेल्यावरही अंगात थोडं इस्ट्रोजेन बनतं. हाडांना ते हवं असतं, पण तुमच्या प्रकारची गाठही त्यावरच पोसते. गोळी ते बनू देत नाही. गाठ उपाशी राहते, पण हाडंही उपाशी राहतात. हाडांना आपण वेगळं औषध देऊ. गाठीला मोकळं सोडून नाही चालणार."

"आणि वाफा?"

"त्यावरही उपाय आहेत. पण मला विचारायचं, सब्जाला नाही."

वहिनी हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "एवढ्यात काही झालं असेल का हो?"

"तपासून बघू."

रिपोर्ट शुक्रवारी मिळणार आहेत. तोवर रोज जेवण झालं की वहिनी आमच्या दारात येतात. एका हाताने पाकिटातून गोळी निघत नाही आणि पायलला सांगितलं की ती रडते. मी गोळी काढून देते. गिळल्यावर वहिनी लहान मुलासारखं तोंड उघडून दाखवतात, "बघ, घेतली."

काल दाखवून झालं तरी त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"शुक्रवारी येशील ना गं?"

"येणारच."

"पायलच्या आधी तू वाच," त्या म्हणाल्या आणि गोळ्यांचं पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं.